बिनगाठीची शिवण

गॅरेजचं शटर गुडघ्याएवढं वर आलं आणि नेहमीसारखं अडकलं. उजवीकडे खालून एक थाप मारली की सुटतं, हे माझ्या हाताला अजून ठाऊक होतं. आत काही उरलेलं नाही, असं घरमालकाने फोनवर सांगितलं होतं. एकदा बघून किल्ली द्यायची आणि निघायचं, एवढंच काम. पण शटर वर गेलं आणि आधी वास आला. भाताच्या खळीचा, जरासा आंबूस, गरम इस्त्रीखाली वाळलेला. इतकी वर्षं या भिंतींनी तो प्यायलाय. रंगाचे दोन हात दिले तरी जाईल असं वाटत नाही. कोपऱ्यात दोन लाकडी थापट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांना चिकटवलेल्या कागदावर मोठ्या, वाकड्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता: सॅटरडे.

ते माझं नाव. म्हणजे सुनओकने ठेवलेलं.

मी सिडनीत शिकायला आले तेव्हा ब्लॅकटाउन स्टेशनाजवळ तिचं कपडे दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. पॅन्ट आखूड करायच्या, चेन बदलायच्या, वाढत्या पोरांच्या गणवेशाची दुमड उसवून द्यायची. कुठल्याशा नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी मी माझी एकुलती एक काळी पॅन्ट घेऊन गेले. तिने ती उलटी केली आणि आतली एक शिवण बोटाने चाचपली. ती मी हाताने घातली होती.

"हे कोणी केलं?"

"मी."

"शनिवारी मोकळी असतेस?"

इंटरव्ह्यू द्यायचा होता तिथे मला घेतलं नाही, इथे न देता घेतलं. पुढची तीन वर्षं मी दर शनिवारी त्या दुकानात बसले. तिला माझं नाव उच्चारता येत नव्हतं असं नाही. ते लक्षात ठेवायची तिची तयारी नव्हती. तिच्या मते दुकानातल्या मुली येतात आणि जातात, वार तेवढे राहतात. वयाने ती माझ्या आईच्या बरोबरीची. इथल्या रिवाजाप्रमाणे तिला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी तिला 'बाई' म्हणायला लागले. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात, असं सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की पुढे मेसेजच्या खाली ती स्वतःच 'बाई' अशी सही करायची.

बाई कोरियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली. त्या गावात घरोघरी रॅमी नावाच्या झाडाच्या सालीपासून सूत काढत. साल दातांत धरून चिरायची, केसाएवढी बारीक करायची, आणि उघड्या मांडीवर थुंकी लावून एक तंतू दुसऱ्याला वळायचा. हे करून करून तिच्या पुढच्या दातांत एक बारीक खाच पडली होती. ती हसली की दिसायची. "हे माझं डिग्री सर्टिफिकेट," म्हणायची. खरं सर्टिफिकेटही होतं तिच्याकडे, कुठल्याशा आर्ट कॉलेजचं, पण ते कधी भिंतीवर लागलं नाही.

नवऱ्याबरोबर ती या देशात आली. नवरा पुढे दिसेनासा झाला. त्याबद्दल ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. दुकानात कापलेले पॅन्टचे तुकडे मात्र तिने कधी टाकले नाहीत. नर्सांचा निळा, रेल्वेवाल्यांचा भडक नारिंगी, शाळांचा राखाडी, बँकवाल्यांचा काळा. बोटभर पट्ट्या एकमेकींना अशा जोडायची की उलट-सुलट कळू नये. असे पडदे करायची, दोन-दोन माणसं उंचीचे, आणि ते गॅरेजमध्ये टांगून मागे दिवा लावायची. एकदा पॅरामॅटाहून कोणी गॅलरीवाली पाहायला आली. पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिने विचारलं, यामागची तुमची संकल्पना काय?

"पॅन्ट लांब होत्या," बाई म्हणाली.

ते पडदे पुढे कुठे कुठे गेले. मोठ्या शहरांतल्या मोठ्या इमारतींत टांगले गेले, जाड कॅटलॉगांत तिचं नाव आलं, आणि सोमवारी सकाळी ती पुन्हा दुकानात कुणाच्या तरी पॅन्टची चेन बदलत बसलेली असायची. मला त्याचा राग यायचा. तिला येत नसे.

पण मला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर थापट्यांचा आवाज. खळ दिलेलं कापड अर्धवट ओलं असताना घडी करून एका गुळगुळीत दगडावर ठेवायचं, समोरासमोर दोघींनी बसायचं, आणि प्रत्येकीने दोन थापट्यांनी आळीपाळीने बडवायचं. तिच्या दोन, माझ्या दोन. कापडाला त्याने झिलई येते. पहिल्याच दिवशी माझा ताल चुकला नाही, याचं तिला नवल वाटलं. मला नाही वाटलं. मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत माग दिवसभर खडखडत, आणि त्या आवाजात मी पाढे पाठ केले, त्यातच झोपले. तो थांबला की जाग यायची. सुताला खळ देतात त्या सायझिंगच्या कारखान्यावरून येणारा वास आमच्या शाळेच्या डब्यालासुद्धा असायचा. आई दारात बसून सुताच्या कांड्या भरायची, आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला अक्षरओळख होण्याआधी गाठ मारायला शिकवलं. अंगठ्यावर एका धाग्याचं टोक, त्यावर दुसरं तिरकं, एक वळसा, ओढ. "गाठ अशी पाहिजे की मागाच्या फणीतनं सरकन् जाईल आणि कापडात गावायची न्हाई," ते म्हणायचे. तुटलेला धागा तसाच सोडला तर सगळं कापड वाया. आमच्या घरात लोंबतं टोक हा गुन्हा होता.

आण्णा गेले तेव्हा मी इथे होते. पोहोचले नाही. त्या शनिवारी बाईने मला कामाला लावलं नाही, घरीही जाऊ दिलं नाही. आम्ही दुपारभर एक आधीच बडवलेलं कापड पुन्हा बडवत बसलो.

मग माझी नोकरी लागली, पॅरामॅटाला ऑफिस, क्वेकर्स हिलला घर, लग्न, मुलगी. बाईने दुकान बंद केलं आणि दिवसभर गॅरेजमध्ये काम करू लागली. मी शनिवारी जायचे, नाही जमलं तर पुढच्या शनिवारी. हे असंच चालेल असं वाटत होतं, आणि मग साथीचं ते वर्ष आलं.

पॅरामॅटाला तिचं मोठं प्रदर्शन लागणार होतं. पडदे पोहोचले, खोकी उघडली गेली, आणि गॅलरीला कुलूप लागलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, तीही पुढे गेली. त्यावर ती चिडली. पण तिचा जीव अडकला होता तो तिसऱ्याच गोष्टीत. तिची आई नव्वदी पार केलेली, गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात. तिथे बाहेरच्या माणसांना येणं बंद झालं होतं. इकडून देश सोडून जायला परवानगी लागत होती. बाईने दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला.

हिवाळ्याच्या तोंडाला, घरात पाच पाहुण्यांना यायची मुभा मिळाली त्या आठवड्यात, तिचा मेसेज आला. 'सॅटरडे, रोज ये. एक महिना. बाई.'

मी ऑफिसचं काम घरून उरकून दुपारी निघायचे. रिकामी ट्रेन, सीटवर लांब लांब बसा म्हणून चिकटवलेले हिरवे ठिपके, डब्यात सॅनिटायझरचा वास. नवरा म्हणाला, "अगं, वय बघ तिचं. आपणच तिला आजार देऊन ठेवला तर?" मलाही तीच भीती होती. म्हणून आम्ही शटर अर्धं उघडं ठेवायचो. जूनचं वारं सरळ पायांवर यायचं, आणि मधे ठेवलेला हीटर दोघींपैकी कुणालाच पुरायचा नाही.

तिने एक खोकं उघडलं. आत पिवळसर, खरखरीत कापडाचा गठ्ठा होता, हेम्पचा, आपल्या तागाच्या जवळचा. तिच्या आईने ते स्वतः सूत काढून, स्वतः विणलं होतं आणि मुलगी परदेशी निघाली तेव्हा तिच्या बॅगेत घातलं होतं. ते होतं आईचं शेवटचं वस्त्र. शिवायचं मुलीने. आणि शिवायचं जादा महिन्यात.

"आमच्या कॅलेंडरमध्ये कधीतरी एक महिना जास्त येतो," ती म्हणाली. "त्या महिन्यात वरचे सगळे सुट्टीवर. कोणी बघत नाही. तेव्हा हे शिवलं तर आई खूप जगते. दुसऱ्या महिन्यात शिवलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "पुढचा जादा महिना तीन वर्षांनी. आई तीन वर्षं थांबेल?"

जादा महिना मला माहीत होता. आमचाही धोंड्याचा महिना त्याच वर्षी, पण आश्विनात. आपल्याकडे त्यात जावयाला अनारसे देतात, असं सांगितलं. "चांगलं आहे," ती म्हणाली. "आता सुईत दोरा ओव."

भिंतीवर कोरियन किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यात मोठ्या आकड्यांखाली चंद्राच्या तिथी बारीक छापलेल्या. तिला त्या वाचता येत नव्हत्या. मी आले की ती आधी विचारायची, "आज किती?" मी सांगायचे. आठ. नऊ. बारा. ती मान हलवायची आणि कापड पुढ्यात ओढायची.

एक झगा नव्हता तो. घागरा, आतला घागरा, आखूड जाकीट, वरचा अंगरखा, पायमोजे, हात गुंडाळायचे रुमाल, तोंडावरचं कापड. शिवाय मुठीएवढ्या छोट्या पिशव्या, गळलेले केस आणि कापलेली नखं ठेवायला. दोरा विकतचा चालत नव्हता. त्याच कापडाच्या काठातून एकेक तंतू ओढून काढायचा. म्हणजे वीतभर शिवलं की दोरा संपायचा.

आणि इथेच मी शहाणपणा केला.

बाई शिवायची तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती गाठ मारत नाहीये. सुरुवातीला नाही, शेवटी नाही. दोरा संपला की टोक तसंच सोडून द्यायची, आणि नवा दोरा त्याच्या शेजारून चार टाके मागून सुरू करायची. मला वाटलं, झालं, गेली नजर. आयुष्यभर जिने उलट-सुलट कळू दिलं नाही, तिला आता स्वतःची लोंबती टोकं दिसत नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की मी बोलले नाही. तिला लाजवायचं नाही, असं ठरवलं. ती चहा करायला आत गेली की मी तिची शिवण पुढ्यात घ्यायचे आणि सुटलेली टोकं नव्या दोऱ्याला सांधून टाकायचे. आण्णांची गाठ. मोहरीहून बारीक. माझ्या स्वतःच्या शिवणीत तर मी ती सुरुवातीपासून मारतच होते. एकेक गाठ ओढताना मला स्वतःच्या चांगुलपणाचं फार कौतुक वाटायचं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

पंचविसाव्या तिथीला बाईने कापडाचा एक पदर बोटांत धरून मला विचारलं, "तुला माहितीय, आपण गाठ का मारत नाही?"

माझी सुई हातातच राहिली.

"गाठ असली की माणूस अडकतो," ती म्हणाली. "जाताना कुठे अडकायला नको. मागे राहिलेल्यांचंही काही अडकायला नको. म्हणून सगळं मोकळं. कच्चं. आईने मला लहानपणी शिकवलं होतं, आजीचं शिवताना. तुला सांगायचं विसरले, पण तू बघून बघून केलंस. तू हुशार आहेस."

त्या दिवशी मी ट्रेनमध्ये बसले आणि ब्लॅकटाउन ते क्वेकर्स हिल एवढ्याशा अंतरात सगळी शिवण मनात चाचपून पाहिली. किती गाठी मारल्या होत्या, मी मोजलं नव्हतं. घागऱ्यात, जाकिटात, मोज्यांत. सांगितलं तर सगळी शिवण उसवून पुन्हा घालावी लागणार, आणि हातात चार दिवस. नाही सांगितलं तर कोणाला कळणार होतं? गाठ कापडात गावायची न्हाई, हे तर मला शिकवलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि बोलले नाही. शिवत बसले, बिनगाठीचं. बाईने विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, "सव्वीस." माझा आवाज मलाच चोरटा वाटला. ती मधेच थांबून एकच शिवण पुन्हा पुन्हा चाचपत होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. चहाही केला नाही.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. आईचं आधीच यावरून एकदा बोलून झालं होतं: "जित्या माणसाचं शेवटचं कापड शिवायलीस? तुला दुसरं काम न्हाई व्हय?" पण त्यांच्यातही धोंड्याचा महिना असतो म्हटल्यावर ती नरमली होती. आता मी गाठींचं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"मग सांग की तिला."

"सांगितलं तर वेळेत होणार नाही, आई."

"आणि न्हाई सांगितलंस तर?"

मागून आमच्या गल्लीचा आवाज येत नव्हता. तिकडेही माग बंद होते.

"तुझ्या आण्णांनी गाठ मारायला शिकवली," आई म्हणाली, "चोरून मारायला न्हाई शिकवली."

सत्ताविसाव्या तिथीला मी शटर वर करून आत गेले आणि बसायच्या आधी सांगून टाकलं. उभ्यानेच. तिला दिसत नाही असं वाटलं, तेही सांगितलं; तेच सांगायला सगळ्यात जड गेलं. बाईने जाकीट मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि शिवणीवरून अंगठा फिरवू लागली. एका ठिकाणी थांबली. पुढे गेली. पुन्हा थांबली. बाहेर शेजाऱ्याचा लॉन मोवर चालू होता आणि तो बंद व्हावा असं मला फार वाटत होतं.

"ही?"

"हो."

"ही पण?"

"हो, बाई."

मग ती रडायला लागली. मी पुढे झाले आणि दीड मीटरवर थबकले, कारण तेव्हा आम्ही सगळेच तसे थबकायचो. "सॉरी," मी म्हणत राहिले, "आय ॲम सो सॉरी." तिने हाताने मला थांबवलं.

"मला हे खडे लागत होते," ती म्हणाली. "आठ दिवस. मला वाटलं, माझी बोटं गेली. डोळे गेले, आता बोटंही. नसलेल्या गोष्टी लागतात." तिने नाक पुसलं आणि दातांतली खाच दिसेल इतकी हसली. "बोटं ठीक आहेत. तू मूर्ख आहेस."

ते तीन दिवस मी ऑफिसला खोटी सर्दी कळवली, जे त्या वर्षी भलतंच महागात पडलं. मॅनेजरने टेस्टचा रिझल्ट मागितला. घरी मुलगी म्हणाली, "मम, इट्स जस्ट थ्रेड." सकाळी आठला गॅरेज, अंधार पडेपर्यंत. बाई डोळे मिटून अंगठ्याने गाठ शोधायची आणि तिथे टाचणी लावायची. मी दोन टाके मागे घ्यायचे, गाठ सोडवायचे, टोकं शेजारी शेजारी निजवायचे. मारलेली गाठ सोडायला मी कधी शिकलेच नव्हते. आमच्याकडे कोणी सोडत नसे. पहिल्या पाच-सहा मी ओढल्या आणि त्या आणखी आवळल्या. मग कळलं की एक धागा सरळ ताठ धरायचा आणि वळसा नखाने पुढे ढकलायचा. ओढायचं नाही, ढकलायचं. बोटांची टोकं सोलवटली. ती मधेच विचारायची, "किती?" आणि मी सांगायचे, अठ्ठावीस. एकोणतीस.

शेवटच्या दिवशी उन्हं शटरखालून आत आली तेव्हा सगळं मोकळं झालं होतं. फक्त अंगरख्याच्या डाव्या बाहीत, आतल्या अंगाला, एक टाचणी उरली होती. मी बाही जवळ ओढली.

"राहू दे," बाई म्हणाली.

मला वाटलं, थकली. "एकच आहे. दोन मिनिटं."

"राहू दे ती." तिने बाही माझ्या हातातून घेतली, टाचणी काढली आणि गाठीवर अंगठा ठेवला. "मला जाता येत नाहीये. मी पोहोचेपर्यंत आई अडकलेली बरी. मी जाऊन माझ्या हाताने सोडेन."

तिने घड्या घातल्या. खोकं बांधतानासुद्धा तिने दोरीला गाठ मारली नाही, नुसते वेढे देऊन टोक आत खुपसलं. पोस्टात काउंटरवरची मुलगी म्हणाली, फ्लाइट्स कमी आहेत, कधी पोहोचेल सांगता येत नाही. "नो वरीज," बाई म्हणाली. ते किती खोटं होतं, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

खोकं कोरियात तिच्या भावाकडे पोहोचलं, पण पुढचं सगळं वर्ष ती पोहोचली नाही. मग दुसरं वर्ष. त्या हिवाळ्यात आमच्या भागाला असं जखडलं की घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही. ब्लॅकटाउनचं तिचं गॅरेज त्याच्या जेमतेम पलीकडे. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. तिच्याकडून रोज एक मेसेज यायचा, 'आई आहे. बाई.' एवढाच. मी मोबाइल उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात ठेवायचे, कारण सकाळी तो पाहण्याआधी मला चहा लागायचा.

सीमा उघडल्या तशी ती गेली. आधी दहा दिवस एका खोलीत बंद. मग वृद्धाश्रमात, पण काचेपलीकडून. इकडे एक फोन, तिकडे एक फोन. त्या दुपारी तिचा मला व्हिडिओ कॉल आला. भावाच्या घरी जमिनीवर बसली होती, पुढ्यात खोकं उघडं, मांडीवर अंगरखा.

"आईने मला ओळखलं," ती म्हणाली. "पहिलं विचारलं, कपडे झाले का? मी म्हणाले, झाले. एक गाठ राहिलीय."

"मग?"

"म्हणाली, सोड आता. मी थकले." बाईने बाही कॅमेऱ्यासमोर धरली. "गेला तासभर प्रयत्न करतेय. सुटत नाही. तू मारलीयस. तू सांग."

मला सांगायचं होतं, नका सोडू. कापून टाका, किंवा राहू द्या, अजून थोडे दिवस. काचेपलीकडून का होईना, भेटताय ना रोज? पण तिने विचारलं होतं ते एवढंच होतं की कशी सोडायची.

"सरळ धागा ताठ धरा," मी म्हटलं. "डाव्या हातात. हं. आता वळसा नखाने पुढे. ओढू नका, बाई. ढकला."

तिची बोटं पडद्यावर मोठी आणि धूसर दिसत होती. मग हात खाली गेले आणि बराच वेळ मला नुसतं छत दिसत राहिलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी मेसेज आला. 'मी माझ्या हाताने आईला घातलं. कुठे अडकलं नाही. बाई.'

ती एकदाच परत आली, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आणि सामान बांधायला. आता आईच्या घरी राहते, अंगणात रॅमी लावलीय. इथलं गॅरेज मात्र तिने या वर्षीपर्यंत भाडं भरून तसंच ठेवलं होतं. पडदे अजून निघतात, पण तिकडे पॅन्टचे तुकडे मिळत नाहीत अशी तक्रार असते. मला एकदा तिने पाकिटातून बोटभर तंतू पाठवला. त्या बाहीतल्या दोऱ्याचं टोक लांब उरलं होतं, ते कापलेलं. मी तो पर्समध्ये ठेवलाय. गाठ गेली, पण तो तिथे अजून वाकडा आहे.

हे सगळं मी आईला त्या त्या वेळी सांगत होते. बाहीतली गाठ ठेवल्याचं सांगितलं तेव्हा ती एकदम लोणच्याच्या कैऱ्यांवर बोलायला लागली. पुढे जायला मिळालं तेव्हा मी इचलकरंजीला गेले. तिसऱ्या दिवशी तिने ट्रंक उघडली आणि तळातून एक पातळ काढलं. फिकं, बारीक काठाचं, आण्णांनी स्वतःच्या मागावर काढलेलं. ते तिने शेवटासाठी ठेवलंय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पदराच्या टोकाला गाठ होती. आण्णांची बारीक गाठ नव्हे. चांगली मोठी, बायका काही लक्षात ठेवायला मारतात तशी.

"तू येशील तवा सोड म्हणून मारली," आई म्हणाली. "आण्णांच्या वक्ताला झालं तसं नको."

मी आले होते. पातळ माझ्या हातात होतं. मी ते घडी करून पुन्हा तळाशी ठेवलं. तेव्हापासून दर वर्षी जाते, दर वर्षी ती ट्रंक उघडते, आणि दर वर्षी मी कसलंतरी काम काढून उठते.

आज सकाळी इकडे यायला निघताना तिचा फोन आला होता. "पातळ घडीवर विरायला लागलंया," म्हणाली. "औंदा येशील तवा सोड गं ती."

"येते मी, आई. बाकीचं मग बघू."

"मग बघू काय? दुसऱ्यांच्या सोडायला सांगत बसतीस फोनवरनं."

थापट्या पिशवीत घातल्या. चांगल्याच जड निघाल्या. एकदा सगळीकडे बघून घेतलं, दिवा बंद केला, बाहेर आले आणि शटर खाली ओढलं. ते गुडघ्याएवढ्या उंचीवर अडकलं. उजवीकडे खालून एक थाप मारली की सुटतं. मी पिशवी खाली ठेवली आणि थाप न मारता तशीच उभी राहिले.